पासवर्ड बदला की, पावणं!

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो चार वर्षं कसबा बावड्याच्या आमच्या घरी यायचा, तरी मला ‘पावणं’च म्हणायचा. बोलणं असं मोठ्यानं, की शेजारच्यांनाही बिघाड कळावा. दर खेपेला एकच घोशा: “पासवर्ड बदला की, पावणं! किती वर्सं त्योच वापरताय?” मी पासवर्ड टाकायला लागलो, की मात्र न सांगता भिंतीकडं तोंड करायचा.

एकदा टेलिफोनच्या तारेवरून तासन्‌तास उतरलेल्या अपडेटनंतर कॉम्प्युटर उघडेचना. सकाळपासून तोच पासवर्ड टाकून मी पार थकलो होतो.

“पासवर्ड वरच्या नावाच्या चौकटीत लिवा. खाली नुसतं ठिपकं दिसत्यात, वर काय उमटतंय ते दिसंल,” म्हणत तो भिंतीकडं वळला.

लिहिलं, तर भलतीच मराठी अक्षरं उमटली. मी सांगितलं. त्यानं पाठमोऱ्यानंच दोन बटणं एकदम दाबायला सांगितली. पुन्हा लिहिलं, इंग्रजीत नीट उमटलं.

“जमलं,” मी म्हणालो, पण पुसायचं राहिलं.

तो वळला. स्क्रीनवर माझ्या मुलीचं नाव होतं. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केल्यावर ते नाव घरात घ्यायचं नाही, असं मीच ठणकावलं होतं. साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं, त्यालाही.

त्यानं गुमान एकेक अक्षर पुसलं. मी खालच्या चौकटीत पासवर्ड टाकला, कॉम्प्युटर उघडला आणि लगेच सूचना आली: पासवर्ड जुना झाला, बदला.

“बदलू?” मी विचारलं.

स्वयंपाकघरात माझी बायको होती. तिकडं बघत तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

“नगा बदलू, काका. ऱ्हाऊ दे की.”