दोन्ही ठेवता आलं असतं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्यासाठी. निदान मी तसं समजत होतो. मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो, आणि शिकवणाऱ्याच्या घरीच कॉम्प्युटर नाही हे बरं दिसत नाही, असं सांगून मी तो जोडून घेतला होता. राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली त्याची जागा. वर बायकोनं शिवलेलं फुलाफुलांचं कापड. पहिलं वर्षभर मी त्यावर परीक्षेचे पेपर टाईप केले, मुलगी पत्ते खेळली, आणि एरवी तो त्या कापडाखाली झाकलेला असायचा.

ते कापड खऱ्या अर्थानं काढलं माझ्या बायकोनं.

तिचं माहेर कबनूरचं. घराला लागून माग, दिवसभर खडखडाट. त्यातून उठून ती इचलकरंजीला मराठी टायपिंगच्या क्लासला जायची. परीक्षा पास झाली, पण नोकरीचं काही व्हायच्या आत आमचं लग्न झालं. पुढं तिच्या चुलतभावाच्या लग्नात पत्रिकेचं काम तिच्याकडं आलं आणि ती छापखान्यात गेली. तिथं पत्रिकांचे नमुने तयार असायचे, सगळ्यांच्या डोक्यावर गणपती. आमच्यासारख्या बौद्ध घरची पत्रिका असली की छापखानेवाला तो गणपती काढून टाकायचा आणि जागा तशीच कोरी सोडायचा.

"आमच्याच पत्रिकेला वर भोक कशाला?" असं म्हणत ती घरी आली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. डीटीपीचं सॉफ्टवेअर मी कॉलेजातून आणून टाकलेलं होतं; विकत घेतलेलं नव्हतं हे त्या काळातल्या कुणाला सांगायला नको. मी तिला चालू-बंद दाखवलं, बाकीचं तिचं तिनं शोधलं. माऊसनं तिनं एक पिंपळपान काढलं. लांब निमुळतं टोक, बारीक शिरा, किंचित वळलेला देठ, आणि पानाच्या आत ध्यानस्थ बुद्धाची नुसती बाह्यरेषा. ते बघून मी "छान आहे" म्हणालो. मनातून म्हणालो होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्यानंतर मी तिच्या कामाला मनातून छान म्हटल्याचं आठवत नाही.

लग्नात ती पत्रिका हातोहात फिरली. मग आमच्या लोकांची कामं यायला लागली. मग शिरोळकडची लिंगायत मंडळी. त्यांना गणपतीच्या जोडीला पिंड हवी असायची, तीही ती त्याच पिंपळपानात काढून द्यायची. मजकूर टाईप करून, मांडणी करून ती फ्लॉपीवर द्यायची, छापखाना फक्त छापायचा. घरचा फोन वाजला की मी उचलायचो आणि पलीकडून विचारलं जायचं, "वैनी हायत काय?"

एका रविवारी माझा एक सहकारी घरी चहाला आला होता. आम्ही नव्या अभ्यासक्रमाबद्दल बोलत होतो. बायको कॉम्प्युटरवर. दारात एक गृहस्थ उभे, पांढरा नेहरू शर्ट, टोपी, काखेत पिशवी. शिरोळहून आलेले.

"वैनी हायत न्हवं? पोरीची पत्रिका करायची हाय. ते पानाचं चित्र पायजे. आमच्या भावकीत बघितलंय."

तिनं त्यांना बसायला सांगितलं, मजकूर विचारायला लागली. कॉम्प्युटरची सोडून खुर्च्या दोनच, म्हणून मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावणं, तुमी वैनींच्याकडं कामाला हाय व्हय?"

सहकाऱ्याच्या कपातला चहा सांडला. बायकोही हसली, पदर तोंडाला लावून. "अहो दादा, ते आमचे हे आहेत."

"मालक व्हय! चुकलो की वो!" त्यांनी माझा हातच धरला. "बसा की मालक, उभं का? तुमचंच घर हाय."

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरल्या शिरल्या आवाज आला, "काय सर, वैनींच्याकडची ड्यूटी संपली काय?" आणि मग ती चेष्टा चालूच राहिली. सुट्टीचा अर्ज लिहिला की "वैनींना विचारलंय न्हवं?" कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. कोल्हापूरची चेष्टा ती, मोठ्यानं आणि तोंडावर. पण मला ती लागली. मी ज्या विषयाचा मास्तर, त्याच विषयात माझ्या घरी लोक माझ्या बायकोला शोधत येत होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही सरळ सांगितलं नाही.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजात लिनक्सचं वारं आलं होतं. कॉम्प्युटर ज्या मूळ व्यवस्थेवर चालतो, ती बहुतेकांच्या घरी विंडोज असायची, आणि बहुतेकांची ती फुकट उतरवून घेतलेली असायची. लिनक्स मुळातच मोकळं. कुणीही घ्या, कुणालाही द्या, व्हायरसचा त्रास नाही. मी मुलांसमोर त्यावर तळमळीनं बोलायचो. चोरीची वस्तू घरात ठेवू नये, ज्ञान सगळ्यांचं असावं. हे मला पटलेलंच होतं, आजही पटतं. आपल्याला जे पटतं, त्याच्या आडून आपण काय काय करू शकतो, ते मात्र मला तेव्हाच कळलं.

घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकावं का, हा विचार सुरू झाला. त्यात दोन गोष्टी मला आधीच माहीत होत्या.

एक म्हणजे तिचं काम त्यावर होणार नव्हतं. मी तिची एक फ्लॉपी न विचारता कॉलेजात नेऊन लिनक्सच्या मशीनवर घालून बघितली होती. पिंपळपानाची फाईल उघडलीच नाही. नुसत्या मजकुराची उघडली, तर नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि टिंबांची रास. आमचे मराठी फॉन्ट तेव्हा तसेच होते, ज्या मशीनवर ते घातलेले तिथंच मराठी दिसायची. मी फ्लॉपी काढली, परत आणून तिच्या जागेवर ठेवली.

दुसरी गोष्ट म्हणजे काढून टाकायची गरजच नव्हती. एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही ठेवता येतं. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात हे, एकात ते. चालू करताना पडद्यावर विचारतं, हवं ते निवडायचं. हे मी वर्गात मुलांना फळ्यावर चौकटी काढून शिकवत होतो.

मग मी घरी पोहे खाताना विषय काढला. व्हायरस, चोरी, तत्त्व. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"त्यात माझं काम होईल का?"

"होईल की. जरा सवय करावी लागेल."

"पप्पा, पत्ते असतील ना?" मुलीनं विचारलं.

"असतील."

मुलीला खरं सांगितलं आणि बायकोला खोटं, एकाच घासात.

"शिरोळच्या दादांची पत्रिका अर्धी झालीय. तेवढी होऊ दे की," ती म्हणाली.

"त्यातच पूर्ण होईल, त्याला काय?"

तिनं बशीतले शेंगदाणे एका कडेला सारले. मग म्हणाली, "बघा मग. तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही म्हणाल तसं."

मी फॉरमॅट मारला. त्याआधी तिच्या फाईली सीडीवर काढून दिल्या, म्हणजे मी काही पुसलं नाही असं म्हणायला मोकळा. त्या सीडीतलं काही उघडायला घरात आता काहीच नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी मला फार स्पष्ट आठवतात. ती खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. तिच्या बोटांना टाईपरायटरच्या जागा पाठ होत्या, आणि इथं अक्षरं भलत्याच बटणांवर. "क" मारायला जावं तर दुसरंच काही उमटायचं. चित्र काढायचं सॉफ्टवेअर निराळं, त्याची अवजारं निराळी. ती म्हणायची, "थांबा, परत सांगा." मी परत सांगायचो. चिडायचो नाही. "अगं, सोपं आहे, बघ," असं अगदी शांतपणे म्हणायचो. पुन्हा पिंपळपान काढायचा तिनं खूप प्रयत्न केला. टोक जमायचं नाही, देठ जाड यायचा. ती वळून माझ्याकडं बघायची आणि विचारायची, "हे असं का होतंय हो?"

आणि मला बरं वाटायचं. हेच सांगायला मला इतकी वर्षं लागली. फसवलं, हे कदाचित मी आधीही सांगू शकलो असतो. पण त्या स्टुलावर बसून मी सुखात होतो, हे सांगता येत नव्हतं. ती पुन्हा मला विचारायला लागली होती.

शिरोळचे दादा आले तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. पडदा नुसता ओढलेला.

"दादा, तुम्ही छापखान्यातनंच करून घ्या. मला हे नवीन येत नाही."

"वैनी, चेष्टा करताय व्हय? तुमास्नी येत न्हाई असं हुईल?"

"नाही येत हो. खरंच."

मग म्हणाले, "मग त्ये पान?"

तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी बाहेर जाऊन एवढंच म्हणायला हवं होतं, की दादा, अर्ध्या दिवसात विंडोज परत टाकतो. तेवढंच काम होतं ते. मी पडद्याआड पेपर तपासत राहिलो.

त्यानंतर फोनवर "वैनी हायत काय?" कमी होत गेलं आणि थांबलं. स्टाफरूममधली चेष्टाही आपोआप विरली. तीन-चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात विंडोज होतं. मी म्हणालो, आता बघ की करून. ती म्हणाली, "नको, माझं डोकं नाही त्यात चालत." आणि त्यावरची धूळ पुसून गेली.

"मला नाही येत" हे ती मग सगळीकडं बोलायला लागली. बँकेत, मोबाईल हातात आल्यावर, माझ्या बहिणीसमोर. बहिणीनं एकदा विचारलं, "वहिनी, तुझं ते पत्रिकांचं काम किती चांगलं चालायचं, सोडलंस का गं?" तर म्हणाली, "नवीन जमलं नाही ताई. ह्यांनी रोज संध्याकाळी बसून शिकवलं, माझ्याच डोक्यात शिरलं नाही." मी तिथंच होतो. बहीण माझ्याकडं कौतुकानं बघत होती.

आता मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेचा विषय निघाला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तूच कर की. मला आठवतंय तुझं पान." आणि हिनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, माझ्या शिकवण्यासकट. जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गवार मोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. फ्लॉपी नेलेली, फळ्यावरच्या चौकटी, स्टूल, सगळं. तिचे हात चालूच होते.

"दोन्ही ठेवता येत होतं?"

"हो."

"आणि ते तुम्ही पोरांना शिकवत होता."

"हो."

"मला वाटायचं, माझं वय झालं शिकायचं. बत्तीस वर्षांची होते हो मी." तिनं ताट बाजूला सरकवलं. "त्या दादांना काय सांगितलं होतं माहीत आहे? म्हटलं, ते पान माझ्या हातनं चुकून आलं होतं, परत येणार नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"ते राहू दे. इतकी वर्षं सगळ्यांना मीच सांगत आले, मला येत नव्हतं म्हणून. आता इथून पुढं कुणी विचारलं तर मी नाही बोलणार. तुम्ही सांगायचं."

मुलीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती उठून आईजवळ जाऊन बसली. बहिणीला फोनवर सांगितलं. तिकडून नुसतं "अस्सं" आलं आणि मग इकडचं तिकडचं.

पत्रिका करायला आम्ही दोघं राजारामपुरीतल्याच एका दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर एक तरुण मुलगी. तिनं तयार नमुने दाखवले. एकावर पिंपळपान होतं. बायको पडद्याकडं वाकली.

"देठ जाड झालाय. आणि टोक वळायला पाहिजे थोडं, हे सुईसारखं सरळ आलंय."

त्या मुलीनं वळून बघितलं. "काकू, तुम्हाला येतं यातलं?"

इतकी वर्षं याला एकच उत्तर होतं. ते येईल म्हणून मीही थांबलो. ती बोलली नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली, पर्स दोन्ही हातांत धरून. दुकानात आणखी दोघं गिऱ्हाईकं होती.

"येत होतं तिला," मी म्हणालो. "चांगलं येत होतं. मी बंद पाडलं."

दुकानातली मुलगी खळखळून हसली. "काका पण ना!"

मीही हसून वेळ मारून नेली असती. तोंड तसं झालंही होतं.

"हसू नको गं," बायको म्हणाली. "ते चेष्टा करत नाहीत."

ती मुलगी ओशाळून पडद्याकडं वळली. बायकोनं बोट दाखवून तिला देठ कुठून बारीक करायचा ते सांगितलं, आणि मी मागं उभा राहिलो.