सात डोक्यांच्या अजगराची बोळवण

साताऱ्याला एकटी राहणाऱ्या आईला मी जयपूरला आणलं खरं, पण तिचं मन काही रमेना. मी रेल्वेत, आमचं क्वार्टर खातीपुऱ्यात, आणि दिवसभर दार बंद. तिला हिंदी येत होतं, पण बोलायची लाज वाटायची. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की एकच प्रश्न, "माझं परतीचं तिकीट काढलंस का?" गाड्या भरलेल्या आहेत म्हणून मी धडधडीत थापा मारायचे. आत मात्र धास्ती होती, ही खरंच निघून गेली तर?

शेजारच्या आंटीजी ख्रिस्ती. दिवाळीत आईची रांगोळी पाहून त्यांनी तिला गाठलंच. नाताळाआधी चर्चच्या अंगणात मुलांचं नाटक होतं, बायबलच्या अगदी शेवटच्या भागातलं. त्यासाठी जमिनीवर रांगोळीचा लाल अजगर हवा होता. सात डोकी, दहा शिंगं, प्रत्येक डोक्यावर मुकुट. जगातलं सगळं वाईट म्हणजे तो, खुद्द सैतान, असं आंटीजींनी समजावलं. शेवटी मुलं त्याला तुडवून पुसून टाकणार होती.

आईला वाईटाची काही फिकीर नव्हती. तिची अडचण होती शिंगांची. सात जणांत दहा शिंगं वाटायची कशी? पोळ्या लाटता लाटता तिने तोडगा काढला. थोरल्या तिघांना दोन-दोन, धाकट्या चौघांना एक-एक. घरात लाडूही ती असेच वाटायची.

नाटकाच्या दिवशी थंडीतल्या कोवळ्या उन्हात अजगर उतरला, आणि असा देखणा उतरला की मुलं दंगा विसरली. पाद्रीबाबा हसून म्हणाले, सैतान असाच देखणा दिसतो, म्हणून तर लोक त्याच्या पाया पडतात. तोवर आईने सवयीने डबी उघडून अजगराला हळदकुंकू वाहिलंसुद्धा.

नाटक रंगलं. शेवटी मुलं तुडवायला धावली आणि आई हात पसरून आडवी उभी राहिली. हळदकुंकू वाहिलेल्याला पाय कसा लावायचा? आंटीजींचा चेहरा उतरला. अजगर पुसला नाही तर सैतानच जिंकणार की. मला वेगळीच काळजी. आज हिची फजिती झाली तर ही पुन्हा घराबाहेर पडायची नाही, उद्याच बॅग भरेल.

आईने मूठभर तांदूळ मागितले. जेवणाच्या पुलावासाठी आणलेले थोडे कोरडे उरले होते, ते आंटीजींनी धावत आणून दिले. आईने अजगरावर अक्षता टाकल्या, विसर्जनाआधी देव हलवतात तसं शेपटीचं टोक बोटाने हलवलं आणि थबकली. आपल्याकडे निरोप देताना परत या म्हणतात. याला कसं म्हणायचं? मग एवढ्या लोकांसमोर, पहिल्यांदाच, तिने खणखणीत हिंदीत सांगितलं, "अब जाओ जी. वापस मत आना."

सैतानाला 'जी' लागलेलं ऐकून सगळं अंगण हसलं, पाद्रीबाबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मग मुलांनी अजगराचा पार चेंदामेंदा केला. आंटीजींनी आईलाही हाताला धरून आत ओढलं आणि दोघी लाल पायांनी नाचल्या.

संध्याकाळी आई न्हाणीघरात पाय घासत बसली होती. मी तिकिटाच्या प्रश्नाची वाट पाहत दारात उभी होते.

"पुढच्या वर्षी मुकुट मोठे काढते," ती म्हणाली. "पिवळा रंग आत्ताच आणून ठेव."