कुसुमताईंच्या डब्या

कुसुमताई पहिल्या भेटीतच माणसाच्या हातात प्लास्टिकची रिकामी डबी ठेवत. मलाही ठेवली. बनारसच्या एका वैद्यकीय प्रयोगशाळेत मी साताऱ्याहून नुकताच रुजू झालो होतो, बॅग अजून खांद्यावरच होती. "काय सातारकर, उद्या सकाळी भरून आण. इथलं पाणी प्यायलास ना? मग आलास आमच्या यादीत," म्हणाल्या आणि पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकल्या. माझं आडनाव सातारकर नाही, पण पुढची चार वर्षं मला तेच चिकटलं. यादीतला पहिला नमुना त्यांचा स्वतःचा होता. "दुसऱ्याचं मागायचं तर आधी आपलं द्यावं," असं त्या चारचौघांत म्हणत, आणि चारचौघं इकडेतिकडे बघू लागत.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमचा विषय होता जिआर्डिया, आतड्यात राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा परजीवी. पोरांना तो महिनोन् महिने हगवण लावतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही. शहरात तो कुठे किती आहे आणि त्याचे प्रकार किती, हे आम्ही शोधत होतो. भिंगाखाली त्याला दोन डोळे असल्यासारखे दिसतात. ताई म्हणत, "बघ कसा टकमक बघतोय बेशरम! दिसायला सगळे एकसारखे, पण गोत्रं वेगळी." ती गोत्रं ओळखायला जनुकं तपासावी लागत. ते तंत्र तेव्हा नवं होतं आणि आमच्या हातून निम्म्या वेळा फसत असे.

ताईंचा जन्म ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठी घरातला. लग्न केलं नाही, मंगला गौरीच्या देवळाजवळ खोली घेऊन एकट्या राहत. घाटावरच्या घरी थोरले भाऊ होते, अनंतशास्त्री. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची श्राद्धं ते करत आणि यजमान त्यांच्याकडेच जेवत. माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी त्यांचा सात वर्षांचा नातू वाळून काटकी झाला होता. ताई डब्या घेऊन गल्लीत गेल्या, तर शास्त्रीबुवा म्हणाले, "आमच्याकडे रोज गंगास्नान, सोवळ्यातला स्वयंपाक. असलं काही आमच्या मोहल्ल्यात नाही." तरी ताईंनी घरोघर डब्या ठेवल्याच.

तीन दिवसांनी अकरा डब्या आल्या. ताईंनी पहिली काच लावली, दुसरी लावली, तिसरीला उठून उभ्या राहिल्या. सगळीकडे गवताचे धागे. अकराच्या अकरा डब्यांत गाईचं शेण होतं! ताई तशाच पिशवी घेऊन भावाच्या दारात गेल्या, मी मागोमाग.

"दादा, पूरा मोहल्ला गवत खातो काय?"

शास्त्रीबुवा जराही ओशाळले नाहीत. "ते आपल्या हातानं कसं द्यायचं कुसुम? विटाळ होतो. गोमय पवित्र असतं. तुला तपासायचंच आहे ना, मग पवित्र वस्तू तपास."

मला हसू आवरेना. ताई मात्र चिडल्या होत्या. पोर खंगत होतं आणि थोरली माणसं शेण पाठवत होती. त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि सुनांशी बोलल्या. दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्या खऱ्या डब्या आल्या, फक्त शास्त्रीबुवांची आली नाही.

बऱ्याच डब्यांत जिआर्डिया निघाला. नातवाच्या डबीत तर बुजबुजाट होता. त्याला औषध मिळालं. मग जनुकांची तपासणी झाली. वेदपाठ्यांच्या गल्लीत दोन गोत्रं मिळाली आणि मागच्या सफाई कामगारांच्या वस्तीतही तीच दोन. "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही," ताई म्हणाल्या, "पण कुठे शोधायचं ते कळलं." नळाच्या लाइनीचा माग काढत त्या पदर खोचून गल्लीबोळ फिरल्या. वस्तीच्या गटारातून गेलेला पाइप गंजून फुटला होता आणि पुढे दोन्हीकडे तेच पाणी जात होतं.

अहवालात गल्लीचं नाव घालायचं ठरलं तेव्हा शास्त्रीबुवा स्वतः प्रयोगशाळेत आले. "नाव छापलंस तर कोण यजमान आमच्याकडे जेवेल? ते काढ. नाहीतर बाबांच्या श्राद्धाला येऊ नकोस." आमचे साहेबही म्हणाले, 'शहरातील एक भाग' असं लिहू या. वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक दर वर्षी ताईच करत. त्या घराशी त्यांचं तेवढंच उरलं होतं. मला वाटलं, आता त्या नमणार.

"नाव नसलं तर पाइप कोणाचा बदलणार?" एवढंच म्हणून त्यांनी खाली सही ठोकली.

पाइप बदलला गेला. श्राद्धाचं बोलावणं आलं नाही. श्राद्धाच्या दिवशी ताईंनी जेवणाच्या डब्यातली खीर काढून खिडकीत कावळ्याला ठेवली. "बाप माझाही होता," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्या शास्त्रीबुवांचा असा संताप आला की काय सांगू.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सामान बांधून प्रयोगशाळेत निरोप घ्यायला गेलो, तर दारात शास्त्रीबुवा उभे, उपरण्याखाली काहीतरी झाकलेलं. चार महिने पोट धरून काढले होते म्हणे. त्यांनी डबी टेबलावर ठेवली.

"गाईचं नाही," खाली मान घालून म्हणाले.

ताईंनी डबीवर नंबर टाकला, काच लावली, पाहिलं आणि खुर्ची सोडून दिली. शास्त्रीबुवा कितीतरी वेळ डोळा लावून बसले.

"डोळे आहेत गं याला."

"आहेत. औषध देते, पाच दिवस घ्यायचं."

ते उठले, दारापर्यंत गेले. "परवा बाबांचं श्राद्ध. येशील?"

"येईन," ताई म्हणाल्या. "पण पंगतीचं गंगाजळ उकळून वाढीन."

नळाचा पाइप बदलला होता, पण त्या घरात पिढ्यान् पिढ्या गंगेचं पाणी घागरीतून थेट पंगतीत येत होतं. शास्त्रीबुवांनी मायक्रोस्कोपकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"मोठं पातेलं माळ्यावर आहे," ते म्हणाले. "काढून ठेवतो."