कॅप बसली, पण सूर कळेना

बँडवाल्या दोस्तांनो, आज कोल्हारात माझ्या वरच्या पुढच्या दातावर सिरॅमिकची कॅप बसवली. दिसायला अगदी खऱ्या दातासारखी.

घरी येऊन लगेच क्लॅरिनेट काढलं. दात अर्धा तुटला होता तरी तो क्लॅरिनेटच्या टोकावर टेकवून फुंकताना त्यात बारीक झिणझिण व्हायची. सूर लागला का, ते मला त्यावरूनच कळायचं. आज काहीच जाणवेना.

बायको म्हणाली, "आवाज तसाच येतोय की. लई इचार करू नका."

घरात ऐकू येतं हो. पण परवा सोनईला वरात आहे. शेजारी ताशा कडकडत असताना आपलं वाजवणं आपल्याच कानाला कळत नाही. तिथं मला दातच सांगायचा.

कॅप बसवून कुणी वाजवतंय का? ती झिणझिण परत येते का? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.