उरलेले चौदा झगे

बाई दातांच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं होत्या. डॉक्टर दाताचा साचा पाठवायचे आणि बाई त्यावरून कॅप बनवायच्या, शेजारच्या दातालासुद्धा परकी वाटू नये अशी. रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावर मास्तर जेवणाच्या टेबलावर बोटभर उंचीचे शिपाई रंगवत बसायचे. लढाईच्या खेळातले शिपाई ते. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि समोरच्याची फौज गारद करायची. दर रविवारी दुपारी त्यांचा मित्र, निवृत्त पोस्टमन, आपली फौज बुटांच्या खोक्यात घालून हजर व्हायचा. दोघंही साठी उलटलेले, पण एका फाशावरून असे हमरीतुमरीवर यायचे की बाई आतून ओरडायच्या, "अहो, शेजारी काय म्हणतील?"

बाईंना त्या खेळात काडीचा रस नव्हता. एकदाच एक शिपाई उचलून म्हणाल्या होत्या, "याचे डोळे तिरळे काढलेत तुम्ही."

"लढून लढून झालेत," मास्तरांनी मान वर न करता सांगितलं होतं.

मास्तर गेले तेव्हा नव्या पलटणीतले सोळा शिपाई लाल झग्यात तयार होते. चौदा तसेच राखाडी राहिले होते.

तीन महिन्यांनी पोस्टमन आला, हात हलवत. चहा झाला आणि त्याची नजर शिपाई ठेवलेल्या कपाटाकडे गेली. "वहिनी, ते चौदा उघडेच राहिले हो. मी रंगवले असते, पण माझ्या हाताचं काम मास्तरांना कधी पटलं नाही."

बाईंनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी एक जुनी बशी काढली आणि त्या सोळा झग्यांशी जुळवायला लाल रंग पिळला. थेंबभर तपकिरी मिसळला, तर विटकरी झाला. काळा घातला, तर चिखल. निळ्याचं नुसतं टोक लावलं, तर वांग्यावर गेला. चार दिवस हेच. जगाचे दात जुळवले आणि नखाएवढ्या झग्यापुढे हात टेकायची पाळी आली.

पाचव्या दिवशी त्यांनी लॅबमधलं भिंग डोळ्याला लावलं. त्या सोळांपैकी एका शिपायाच्या खांद्यावर रंगाचा टवका उडाला होता. वर लाल, त्याखाली तपकिरी, तळाशी गडद जांभळा. हा रंग मिसळलेलाच नव्हता. थरावर थर चढवला होता.

आणि त्यांना ती संध्याकाळ आठवली. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. याच टेबलावर मास्तर पेपर तपासत होते आणि बाई उत्साहाने सांगत होत्या, की एकाच रंगाचा दात शर्टाच्या बटणासारखा दिसतो, खालचा थर वरच्यातून जरासा डोकावला तरच तो जिवंत वाटतो. मास्तर नुसते "हं, हं" करत होते. आपण भिंतीशी बोलतोय, असं वाटून बाई तेव्हा फुरंगटून उठून गेल्या होत्या.

"ऐकत होतात होय!" त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या. मग भिंग पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

पुढचं काम हाताला ठाऊक होतं. आधी जांभळा. तो वाळल्यावर चुण्या सोडून तपकिरी. त्यावर पाण्यासारखा पातळ लाल, दोन हात. शेवटी फक्त कडांना नारिंगीची रेघ. चौदा झगे नऊ दिवसांत झाले.

रविवारी पोस्टमनला निरोप गेला, खोकं घेऊन या. त्याने तीसच्या तीस शिपाई एकेक करून निरखले. मग म्हणाला, "हे नुसते बघायला ठेवायचे का?"

"नियम सांगा," बाई म्हणाल्या आणि मास्तरांच्या खुर्चीत बसल्या.

पाच वाजेपर्यंत त्यांच्या फौजेचा धुव्वा उडाला. मध्येच पोस्टमनने मुद्दाम चुकीची चाल केली, ती बाईंनी तिथल्या तिथे पकडली. "भाऊजी, दया नको. नीट खेळा."

निघताना तो दारात घुटमळला. "पुढच्या रविवारी?"

"या. पण मला ती खिडकीकडे पाठ करून बसायची बाजू हवी. इथे ऊन डोळ्यांवर येतं, मास्तर कसे बसत कोण जाणे."