न सांगता बसणारा पहारा

कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यातल्या प्लास्टिक वितळवणाऱ्या भट्टीचा प्रोग्राम माझा. कर्जतला घरी बसून लिहिलेला, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान. त्यामुळे "भट्टी मधूनच भलती तापते, प्लास्टिक जळतं," असा फोन आला तेव्हा मी आधी वैतागलोच. सुपरवायझर म्हणाले, "एकाच बाईंच्या पाळीत होतं. सेटिंगला हात लावतात त्या. सध्या पॅकिंगला बसवलंय, सोमवारपासून घरीच बसवू."

खरं सांगतो, हे ऐकून मला हायसं वाटलं. आपला प्रोग्राम सुटला!

तरी चौक गावावरून कारखान्यात गेलो. बाईंना म्हटलं, "रोज करता तसंच करून दाखवा." पाळी सुरू करताना पडद्यावर नाव घालावं लागतं. बाकीचे इंग्रजीत चारपाच अक्षरं ठोकून मोकळे होत. बाईंनी एकेक अक्षर शोधत मराठीत लिहिलं: श्रीमती, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. दाखल्यावर लिहितात तसं अगदी. शेवटची वेलांटी पडली आणि तापमानाची मर्यादा दुपटीच्या वर गेली.

मी तिथेच लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला. नावाला मी मेमरीत जागा ठेवली होती इंग्रजीच्या अंदाजाने. मराठी अक्षराला तिप्पट लागते, काना-वेलांटीला पुन्हा वेगळी. उरलेलं नाव शेजारीच साठवलेल्या तापमानाच्या मर्यादेवर सांडत होतं. असं सांडलं की यंत्र जागच्या जागी थांबवणारा पहारा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, प्रोग्राममध्ये बसवू शकतो. माझ्या घरच्या संगणकावरचा कंपायलर तो न सांगता बसवतो. म्हणून भट्टी चालवणाऱ्या छोट्या बोर्डासाठीचा कंपायलरही बसवत असेल, असं मी धरून चाललो. तिथे तो मुळात बंद असतो, एक पर्याय लिहून चालू करावा लागतो. तेवढं मी बघितलं नव्हतं. पहारा असता तर पहिल्याच दिवशी भट्टी बंद पडली असती आणि शिव्या मला बसल्या असत्या. बाईंना नाही.

सुपरवायझरसमोरच म्हणालो, "चूक माझी आहे. लांब नाव माझ्या प्रोग्राममध्ये मावत नाही. यांनी कशालाही हात लावलेला नाही."

बाईंना यातलं 'लांब नाव' तेवढं कळलं असावं. घाईघाईने म्हणाल्या, "साहेब, मी आखूड लिवीन. नवऱ्याचं नाय घालणार. पन मला मशीनवर परत घ्या."

माफी मला मागायची होती, आणि ती मागत होत्या त्या.