पाच टोकांचं पान
काल कपाट आवरताना लेकीच्या जुन्या फाइलमधून एक वाळकं पान खाली पडलं आणि दहा वर्षांपूर्वीचा माझा वैताग जसाच्या तसा वर आला. तेव्हा ती दुसरीत होती, आणि शाळेने कागद पाठवला होता: आपल्या परिसरातलं मेपलचं पान शोधा आणि चिकटवा, खूण म्हणजे पंजासारखी पाच टोकं. "मेपल! इथे, दोह्यात! जिथे कडुलिंबालासुद्धा टँकरने पाणी पाजतात!" मी करवादले. लेक शांतपणे म्हणाली, "आई, इट्स ड्यू टुमॉरो." मग भर उन्हात मी अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडला दोन फेऱ्या मारल्या. पाण्याच्या टाकीमागे, गळक्या पाइपाशी, पंजासारख्या पानांचं एक तांबूस झुडूप सापडलं. पानाला टोकं मात्र आठ होती. मी कात्रीने तीन उडवली. चिकटवत होते तेवढ्यात, नळ दुरुस्त करायला आलेला लातूरकडचा प्लंबर मागून म्हणाला, "ताई, ह्यो तर एरंड हाय. आन पान कापलं कशापायी?" "मेपल आहे ते," मी ठणकावलं. शाळेतून कागद परत आला तो सोनेरी तारा मिरवत: 'सुंदर मेपल!' काल तेच पान लेकीपुढे धरलं आणि विचारलं, हे कशाचं गं? आता ती शिकायला कॅनडाला निघालीय. फोनवरून जेमतेम नजर उचलून म्हणाली, "मेपल, ऑब्व्हियसली." मी चिडून तोंड उघडलं, आणि कात्री आठवून मिटलं.